पाणवठ्याशेजारचा दवाखाना

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, ही गोष्ट चळवळीतल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. परंतु त्या ठरावाची यादी आपण पुरती वाचत नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे तो ठराव सांगतो. त्याच ओघात तो शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचीही नावे घेतो. आपली भाषणे पाण्यापाशी थांबतात. दवाखाना हा शब्द ठरावात तसाच पडून राहिला आहे.

याचे कारण समजण्यासारखे आहे. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले ते कागदावर. ते खरोखर खुले व्हावे म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले, आणि कोर्टाचा निकाल तर १९३७ साली लागला. ठराव आणि ओंजळ यांच्यात किती अंतर असते, हे महाडने आपल्याला शिकवले. दवाखान्याच्या बाबतीत मात्र हे अंतर कोणी मोजलेच नाही. औषध परवडणे हा प्रश्न आपण डॉक्टरांचा, अर्थतज्ज्ञांचा, फार तर ग्राहकांचा मानत आलो. तो जातीच्या इतिहासाचा प्रश्न आहे, असे मला येथे मांडावयाचे आहे.

त्या काळी दवाखाना बंद असणे म्हणजे काय होते, हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणात दिसते. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आले होते. ते बाबासाहेबांनी त्यात घेतले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला, तेव्हा बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर तो आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला. त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने लांबूनच न्यूमोनियाचे निदान केले. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा तो फिरकला नाही, आणि ती बाई गेली.

या कहाणीत फी आणि विटाळ एकाच वेळी हजर आहेत, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फीची हमी मिळाल्यावर डॉक्टर आला, तरी त्याने हात लावला नाही. म्हणजे दारावर दोन कुलपे होती.

त्याच साली, २३ ऑक्टोबरला, आमच्या खानदेशात चाळीसगावला बाबासाहेबांचा टांगा उलटला. स्टार्ट समितीचे सभासद म्हणून ते या भागात आले होते. महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता, म्हणून टांगा कधी न हाकलेल्या आपल्याच माणसाने लगाम हाती घेतला. मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. अस्पृश्यता अशी हाडेही मोडते, आणि मोडल्या हाडाला हात लावायलाही नकार देते.

मी असोद्याचा. असोदा म्हटले की मराठी वाचकाला बहिणाबाईंचे माहेर आठवते, आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक गावाला गावकुसाबाहेरचीही एक आठवण असते. माझी आजी सांगे, दवाखान्यात जाताना बाटली आपली आपण न्यायची, ओट्याच्या कडेला ठेवायची आणि मागे सरायचे. कंपाउंडर वरून मिक्श्चर ओती. पुडी असेल तर ती पदरात टाकी. विहिरीवर पाणी जसे वरून मिळे, तसेच औषध. तिला त्यात वेगळे काही वाटत नसे.

यातले पहिले कुलूप कायद्याने तोडले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याच्या पाचव्या कलमाने रुग्णालयात वा दवाखान्यात अस्पृश्यतेवरून प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. याच कायद्याला १९७६ पासून आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो. योगायोग असा की त्याच १९५५ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. ज्या न्यूमोनियाने काठेवाडातली ती आई नेली, त्यावरचे औषध आता जनतेच्या पैशातून महाराष्ट्रातच बनत होते. दार उघडण्याचा कायदा आणि दाराआडच्या फळीवर ठेवावयाचे औषध, दोन्ही एकाच वर्षी आले.

औषध सरकारने बनवावे ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. प्लेगच्या काळात हाफकिनची लस मुंबईतच तयार झाली होती. त्या संस्थेचे १९३२ पासूनचे संचालक साहिबसिंग सोखी यांनी औषधनिर्मिती नफ्याच्या हाती सोडू नये असा आग्रह धरला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे सूत्र १९४६ साली भोर समितीने मांडले. त्याआधी १९४३ मध्ये, बाबासाहेब मजूरमंत्री असताना, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम अडारकरांकडे देण्यात आले. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. मात्र तो कारखान्यातील कामगारांपुरता राहिला. कपाशी वेचणारी आणि केळीच्या बागेत राबणारी आमची माणसे त्याच्या बाहेरच राहिली.

दुसरे कुलूप किमतीचे. १९११ च्या इंग्रजी पेटंट कायद्याखाली औषधांची मक्तेदारी बहुतांशी परदेशी कंपन्यांकडे होती. न्यायमूर्ती अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात या मक्तेदारीची चिरफाड केली, आणि त्यातून १९७० चा पेटंट कायदा झाला. त्याचे मर्म साध्या शब्दांत सांगता येते. भाकरीवर कोणाचा हक्क नाही, ती थापण्याच्या एका रीतीवर काही वर्षे असू शकेल. दुसऱ्या रीतीने तीच भाकरी कोणीही करावी. १९७५ मध्ये हाथी समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने हटवून औषधे मूळ नावाने विकावीत असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी त्यानंतर दोन वर्षांनी आली. या धोरणाची ताकद २००१ साली जगाला दिसली. एड्सच्या ज्या औषधांसाठी बड्या कंपन्या वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक मागत होत्या, ती मुंबईच्या सिप्लाने ३५० डॉलरला देऊ केली. आफ्रिकेतील लाखो माणसे त्या वाटेने वाचली.

पण आपल्याकडे ही तटबंदी तोवर ढासळू लागली होती. १९७९ च्या आदेशाने ३४७ मूळ औषधे किंमत नियंत्रणाखाली होती. १९८७ मध्ये ती १४२ झाली, १९९५ मध्ये ७४. २०१३ च्या आदेशाने नियंत्रणाखालची यादी वाढवली, पण उत्पादनखर्च पाहून दर ठरवणे सोडले आणि बाजारातील भावांची सरासरी प्रमाण मानली. चोराच्याच मापाने धान्य मोजावे, तसे हे झाले. पिंपरीचा कारखाना १९९७ मध्ये आजारी ठरला. जागतिक व्यापार करारामुळे २००५ पासून पुन्हा भाकरीवरच पेटंट मिळू लागले.

सगळेच गमावले असेही नाही. कलम ३ (ड) मुळे जुन्या औषधाला नवे रूप देऊन मक्तेदारी लांबवणे अवघड झाले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम नोव्हार्टिसविरुद्ध उचलून धरले. २०१२ मध्ये सक्तीच्या परवान्याने कर्करोगाच्या एका औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांच्या घरात आला. २०२३ मध्ये क्षयाच्या बेडाक्विलिनवरील मुदतवाढ मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नाकारली. त्यासाठी हरकत घेणाऱ्या दोघी स्वतः क्षयातून उठलेल्या होत्या, मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. रोग भोगलेल्यांनी लढा हाती घेतला की काय घडते, याचे हे उदाहरण आहे.

आता आमच्या वस्तीकडे पाहा. आज ओट्यावर बाटली ठेवून मागे सरावे लागत नाही. सरकारी दवाखान्यात केसपेपर निघतो, तपासणी होते, आणि मग हाती चिठ्ठी येते : हे बाहेरून आणा. त्या चिठ्ठीवर जात लिहिलेली नसते. पण मेडिकलवर जाऊन पाच दिवसांच्या गोळ्यांपैकी दोनच दिवसांच्या कोण मागतो, हे पाहिले की गावकूस दिसू लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला, आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मार्च २०२४ मध्ये तर क्षयाची औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करा, असे केंद्राला राज्यांना कळवावे लागले. उपचार फुकट आणि फळी रिकामी, याचा अर्थ महाडच्या माणसांना सांगावा लागू नये.

कोणी म्हणेल, महाग औषध सर्वांनाच महाग, त्यात जात कुठली? पाणीटंचाईही सर्वांनाच असते. पण आटलेल्या विहिरीवर शेवटचा नंबर कोणाचा लागतो, हे आपण जाणतो. ज्याच्याकडे जमीन नाही, कायम नोकरी नाही, उसने देणारा सोयरा नाही, त्याचा रोग अर्ध्या औषधावर थांबतो, आणि ही माणसे मोठ्या संख्येने कोणत्या वस्त्यांतून येतात हे शिक्षकांना हजेरीपटावरूनही कळते.

म्हणून हा विषय आपल्या शिबिरांत आला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणती औषधे असावयास हवीत याची यादी मागावी, ती भिंतीवर लावून घ्यावी, आणि आज त्यांतली किती आहेत हे ग्रामसभेत दर महिन्याला विचारावे. बाहेरच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात, त्यांची वही करावी. विद्यार्थ्यांनी पेटंटचा कायदा जमीन कायद्याइतक्याच बारकाईने वाचावा. तामिळनाडूने १९९४ मध्ये खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारून सरकारी दवाखान्यांतल्या फळ्या भरत्या ठेवल्या. महाराष्ट्राने असे प्राधिकरण स्थापण्यासाठी २०२३ साली कायदा केला. त्याचा हिशेब मागणे हेही आता चळवळीचे काम आहे. बोल्यांच्या ठरावाला १०० वर्षे उलटून गेली आहेत. त्यातला शेवटचा शब्द अजून आपली वाट पाहतो आहे.