फुंकर एकच, ‘नॉर्मल’ कुणाचे? : दम्याच्या तपासणीचा इतिहास

‘दमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘दम’ म्हणजे श्वास. जिना चढताना दम लागतो, संकटात आपण दम धरतो, बिर्याणीलाही दम देतो. अरबी तबीब या आजाराला ‘रब्व’ म्हणत. ग्रीकांच्या ‘अस्थमा’चा अर्थ धापा टाकणे. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार आहेत, त्यातला ‘तमक श्वास’ दम्याच्या सर्वांत जवळचा. इतक्या संस्कृतींनी नाव दिलेला हा आजार नेमका ओळखायचा कसा, हा प्रश्न मात्र फार काळ सुटला नाही.

कारण दमा कायम एकसारखा हजर नसतो. क्षयाचे जंतू थुंकीत सापडतात, मधुमेहात रक्तातली साखर मोजता येते. दमा मात्र येतो आणि जातो. रात्री तीन वाजता खिडकीशी बसून श्वासासाठी झगडणारा माणूस सकाळी दवाखान्यात पोहोचतो, तेव्हा त्याची छाती बऱ्याचदा मोकळी झालेली असते. एकदा केली आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असे ठाम उत्तर मिळाले, अशी दम्याची एकही तपासणी आजवर नाही.

मग तो ओळखला कसा गेला? इतिहासात दोन वाटा दिसतात. एका वाटेवर माणसाची तुलना त्याच्याशीच केली जाते, म्हणजे तो काल कसा होता आणि आज कसा आहे हे पाहिले जाते. दुसऱ्या वाटेवर त्याची तुलना इतरांशी होते. पहिल्या वाटेने वैद्यकाला दम्यापर्यंत नेले. दुसरी वाट उपयोगाची होती, पण तिच्यावर सत्तेचे आणि वंशाचे राजकारण फार लवकर येऊन बसले.

पहिली वाट जुनी आहे. तमक श्वासाचा रोगी आडवा झाला की घुसमटतो, उठून बसला की त्याला बरे वाटते, आभाळ आले, पाऊस पडला, गारठा वाढला की त्रास वाढतो, असे चरकसंहिता सांगते. हे वर्णन म्हणजे बदलाचीच नोंद आहे.

अरबी वैद्यकातही हेच लक्ष दिसते. बल्खचे विद्वान अबू झैद यांना दर वसंतात गुलाब फुलले की सर्दीचा त्रास होई. त्याचे कारण सांगणारा एक स्वतंत्र लेख अबू बक्र अर-राझी यांनी लिहिला. आज ज्याला आपण ॲलर्जी म्हणतो, त्याच्या जुन्या नोंदींमध्ये त्या लेखाचा उल्लेख होतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस मुसा इब्न मैमून यांनी दम्यावर तेरा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. ते ज्यू धर्मपंडित, जन्म अंदलूसमधल्या कुर्तुब्याचा, वैद्यकी सलाहुद्दीन अय्युबीच्या काळातल्या मिसरमधली आणि ग्रंथाची भाषा अरबी. एका उच्चकुलीन रुग्णासाठी तो लिहिला होता. त्याचा त्रास सर्दीने सुरू होई आणि पावसाळी दिवसांत बळावे. इब्न मैमून त्याचे खाणे, झोप, शहरातली हवा आणि मनःस्थिती यांचा विचार करतात. हातात यंत्र नव्हते. होती ती फक्त रुग्णाची हकीकत, आणि ती नीट ऐकून घेण्याची तयारी.

पुढे युरोपातही दम्यावरचे महत्त्वाचे ग्रंथ लिहिणारे काही जण स्वतःच दमेकरी होते, हा योगायोग नव्हता. इंग्लंडच्या जॉन फ्लॉयरने १६९८ मध्ये दम्यावर ग्रंथ लिहिला तो स्वतःचे झटके न्याहाळत. याच फ्लॉयरने नाडी मोजण्यासाठी खास घड्याळ वापरण्याचा आग्रह धरला. १८६० मध्ये हेन्री हाइड सॉल्टर यांचे पुस्तक आले. मांजराजवळ गेले की आपला श्वास अडतो, हे त्यांनी स्वतःवरून नोंदवून ठेवले. आजाराचा सगळ्यात चांगला साक्षीदार आजारी माणूसच होता.

दरम्यान १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. छातीतली शिट्टी आता स्पष्ट ऐकू येऊ लागली. पण हृदय कमकुवत झाल्याने फुप्फुसात पाणी साचले, तरी अशीच शिट्टी वाजू शकते. आणि छाती मोकळी असताना दमेकऱ्याच्या छातीतही काही ऐकू येत नाही. नुसता आवाज पुरेसा नव्हता.

इथे यंत्र आले. १८४६ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी ‘स्पायरोमीटर’ची माहिती प्रसिद्ध केली. पाण्यात उलटे ठेवलेले भांडे, त्याला जोडलेली नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत सगळा सोडायचा. भांडे जितके वर येईल, तितकी फुप्फुसांची क्षमता. हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक लोकांना त्यात फुंकायला लावले. त्यात खलाशी, पोलीस, अग्निशामक दलातले जवान, सैनिक, मल्ल, दरिद्री आणि ‘सद्गृहस्थ’ असे सगळे होते. उंचीबरोबर ही क्षमता ठरावीक प्रमाणात वाढते, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. हचिन्सन यांचा संबंध आयुर्विमा व्यवसायाशीही होता. क्षय आधीच ओळखता आला तर कुणाचा विमा उतरवायचा आणि कुणाचा नाही हे ठरवणे सोपे, असे त्यामागचे गणित होते. म्हणजे हे यंत्र उपचारासाठी होते, तसेच माणसांची वर्गवारी करण्यासाठीही.

त्यात दम्याच्या दृष्टीने एक उणीव होती. यंत्र किती हवा बाहेर आली ते सांगे, किती वेगाने आली ते सांगत नसे. दम्यात श्वासनलिका आकसतात. अरुंद तोंडाच्या सुरईतले पाणी ओतून पाहा. पाणी तेवढेच असते, पण बाहेर यायला वेळ लागतो. हा वेळ मोजण्याची कल्पना रुजायला जवळपास शंभर वर्षे लागली. १९४७ मध्ये फ्रान्सच्या रोबेर तिफनो यांनी पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे माप पुढे आणले. आज स्पायरोमेट्रीच्या अहवालात हा आकडा महत्त्वाचा असतो.

याच आकड्यावर दम्याची आजची मुख्य चाचणी उभी आहे. रुग्णाला जोरात फुंकायला लावतात. मग श्वासनलिका रुंद करणारे औषध पंपाने देतात, दहा-पंधरा मिनिटे थांबतात आणि पुन्हा फुंकायला सांगतात. मोठ्या माणसात पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली, तर आकसलेल्या नलिका मोकळ्या होऊ शकतात याचा पुरावा मिळतो, आणि तक्रारी जुळत असतील तर दम्याचे निदान पक्के होते. १९५९ मध्ये ब्रिटनच्या मार्टिन राइट यांनी पीक-फ्लो मीटर आणले. पुढे त्याचे खिशात मावणारे रूप आले आणि सकाळ-संध्याकाळ घरीच फुंकून आकडा वहीत लिहिणे शक्य झाले. दमेकऱ्याचा आकडा बहुधा पहाटे-सकाळी खाली जातो आणि दुपारनंतर वर येतो. आणखी एक चाचणी आहे, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होते. तीत मेथाकोलिन नावाचे द्रव्य थोडे थोडे हुंगवून नलिका किती सहज आकसतात ते पाहतात.

या तिन्ही चाचण्यांत माणसाची तुलना कुणाशी झाली? त्याच्याशीच. औषधाआधीचा तो आणि नंतरचा तो, सकाळचा तो आणि संध्याकाळचा तो. चरकसंहितेने आणि इब्न मैमूनने जे शब्दांत टिपले, तेच यंत्राने आकड्यात टिपले.

दुसऱ्या वाटेची गोष्ट वेगळी आहे. त्याच अहवालात ‘प्रेडिक्टेड’ नावाचा एक रकाना असतो. तुमच्या वयाच्या, उंचीच्या, लिंगाच्या निरोगी माणसाने किती फुंकायला हवे, तो आकडा. पण निरोगी कुठला? हचिन्सनचे यंत्र अटलांटिकपार गेले, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी होती. सॅम्युअल कार्टराइट हा तिथला डॉक्टर. गुलाम पळून जातो हा त्याचा मानसिक आजार आहे, असे सांगणारा हाच. त्याने स्पायरोमीटर वापरून काळ्या माणसांची फुप्फुसे जन्मतःच कमजोर असल्याचा दावा केला आणि सक्तीचे श्रम हा त्यावरचा इलाज ठरवला. १८६९ मध्ये बेंजामिन गूल्ड यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांची मापे प्रसिद्ध केली. त्यातही काळ्या सैनिकांचे आकडे कमी होते. ते कसल्या घरांत वाढले, काय खाल्ले, लहानपणी कुठल्या धुरात श्वास घेतला, हे हिशेबात धरलेच गेले नाही. गरिबी आणि गुलामीची खूण निसर्गाची खूण म्हणून नोंदली गेली.

पुढे ही समजूत सूत्र बनून यंत्राच्या आत शिरली. काळ्या रुग्णाचा ‘नॉर्मल’ आकडा १० ते १५ टक्के आणि आशियाई रुग्णाचा ४ ते ६ टक्के आपोआप कमी करायची पद्धत रूढ झाली. परिणाम सरळ होता. ज्याचे ‘नॉर्मल’ खाली, त्याला आजारी ठरण्यासाठी जास्त आजारी व्हावे लागे. १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयात ॲस्बेस्टॉसने फुप्फुसे खराब झालेल्या कामगारांच्या भरपाईचा वाद चालू असताना, काळ्या कामगारांसाठी निकष अधिक कडक हवा, असा युक्तिवाद एका कंपनीने केला. या सगळ्या प्रवासावर लंडी ब्रॉन यांनी २०१४ मध्ये पुस्तक लिहिले. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशाधारित सूत्र सोडून सर्वांना एकच संदर्भ वापरण्याची शिफारस केली.

आपला संबंध इथे येतो. युरोपीय आकड्यातून सुमारे दहा टक्के सरसकट वजा करायचे, की झाला भारतीय ‘नॉर्मल’, अशी पद्धत आपल्याकडेही वापरात राहिली. तिला पर्याय शोधले गेले नाहीत असे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये भारतीयांची स्वतंत्र प्रमाणे मांडली. पण २०१२ मध्ये जगभरच्या मोजमापांवरून जी सूत्रे तयार झाली, त्यांत भारतीय उपखंडासाठी वेगळा गटच नव्हता. एवढी मोठी लोकसंख्या ‘इतर’ या रकान्यात जाऊन बसली. आणि स्वतंत्र गट मिळाला असता तरी प्रश्न उरतोच. चुलीच्या धुरात वाढलेल्या, कुपोषित लेकरांचा सरासरी श्वास आपण ‘भारतीय नॉर्मल’ म्हणून स्वीकारायचा का? मग धूर आणि भूक यांना जाब कोण विचारणार?

याचा अर्थ यंत्र फेकून द्यावे असा नाही. उलट आपल्याकडे ते फार कमी वापरले जाते, हेच मोठे दुःख आहे. दम्याच्या जागतिक मृत्यूंत भारताचा वाटा आपल्या रुग्णसंख्येच्या मानाने कितीतरी मोठा आहे. कुणी ‘ॲलर्जिक खोकला’ म्हणते, कुणी ‘बाळदमा’ म्हणून वाट पाहते. मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून घरातले पंप लपवतात. वर्षानुवर्षे खोकल्याची बाटली चालू राहते आणि फुंकायची तपासणी एकदाही होत नाही.

म्हणून खोकला, धाप, छातीतली शिट्टी पुन्हा पुन्हा येत असेल, तर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. पंप देण्याआधी आणि नंतर अशी दोन्ही वेळची स्पायरोमेट्री होईल का? ती सोय गावात नसेल, तर पीक-फ्लो मीटरवर दोन आठवडे नोंद ठेवता येईल का? हे मीटर काही शे रुपयांत मिळते. तशी वही घेऊन गेलेला रुग्ण डॉक्टरांसमोर आपल्याच श्वासाचा पुरावा ठेवत असतो, आणि त्या पुराव्याला कुणाच्या वंशाची, देशाची सरासरी लागत नाही.