वाडीची गल्ली आणि कायद्याचा आंकडा

गिरगांवच्या खोताच्या वाडीचें नांव आमच्या मुंबईकर धर्मबांधवांस नवें नाहीं. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांच्या जमिनीवर आमच्या ईस्ट इंडियन कुटुंबांनीं घरें बांधिलीं. नांव मात्र खोतांचेंच राहिलें. उतरतें कौलारू छप्पर, गल्लींतून थेट माडीवर चढणारा लांकडी जिना, पुढें ओटा आणि ओट्यावरून समोरच्या घरीं चालणारें बोलणें! गल्ली इतकी अरुंद कीं एका घरीं बाटलीचा मसाला कुटूं लागले कीं ठसका साऱ्या आळीस लागावा.

अशा वाड्या बिल्डरांनीं गिळल्या, असें म्हणणें सोपें आहे. आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. घर पाडण्याचा मोह खरा उत्पन्न केला तो चटईक्षेत्राच्या आंकड्यानें. 1991 च्या नियमांनीं मुंबई शहरांत हा आंकडा 1.33 ठरविला, म्हणजे शंभर चौरस मीटर भूमीवर 133 मीटरांचें बांधकाम. पण जुन्या, उपकर भरणाऱ्या भाडोत्री इमारतींच्या पुनर्बांधणीस अधिक सवलत मिळाली व पुढें ती 3 वर गेली. त्याच भूमीवर 300 मीटर! मग एकमजली घरापेक्षां त्यावरील रिकाम्या आकाशाचीच किंमत अधिक झाली. वारस चौघे, त्यांतील दोघे परदेशीं. अशा घरांत हा हिशेब कोण करणार नाहीं?

1995 सालीं सरकारनें वारसा-वास्तूंचे नियम केले, आणि ही वाडी तिसऱ्या श्रेणींत गणली गेली. हा मान मोठा खरा, पण या श्रेणींत घराच्या आंतबाहेर फेरफार करण्यास सामान्यतः मोकळीकच आहे. शिवाय मान मिळाला म्हणून कौलें फुकट येत नाहींत, आणि वाळवी लागलेली तुळई बदलण्याचा खर्च घरमालकाच्याच शिरीं राहतो. त्यास विक्रीचा दोष देणाऱ्यांनीं एखाद्या पावसाळ्यांत त्याच्या माडीवर जाऊन पहावें.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. परवानगी मागितली जाते ती एकेका भूखंडापुरती. गल्ली हा कोणाचाच भूखंड नव्हे. एका ओट्याच्या जागीं मोटारी ठेवण्याचा मजला आला, तर समोरच्या ओट्यानें बोलावें कोणाशीं? कागदोपत्रीं तें दुसरें घर जसेंच्या तसें सुरक्षित असतें. म्हणून नियम करावयाचा तर तो गल्लीची उंची, रुंदी व ओटे धरून साऱ्या आळीस मिळून करावा, आणि जो घर राखील त्याच्या दुरुस्तीस सार्वजनिक पैशांतून हातभार लागावा, असें आमचें मत आहे. एकेकाळीं या वाडींत पासष्ट घरें होतीं असें सांगतात. त्यांपैकीं आतां निम्मींहि उरलीं नाहींत.