अंतराचे सूत्र (निर्देशक भूमिती)

निर्देशक प्रतलावरील दोन बिंदूंच्या निर्देशकांवरून त्यांच्यातील सरळ रेषेतील अंतर काढण्याच्या सूत्रास अंतराचे सूत्र म्हणतात. हे सूत्र पायथागोरसच्या प्रमेयावर आधारलेले असून महाराष्ट्रात इयत्ता दहावीच्या भूमितीत शिकवले जाते.

सूत्र व सिद्धता

अ(क्ष१, य१) आणि ब(क्ष२, य२) हे दोन बिंदू असल्यास,

अब = √[(क्ष२ − क्ष१)² + (य२ − य१)²]

अ मधून क्ष-अक्षाला आणि ब मधून य-अक्षाला समांतर रेषा काढल्यास त्या क(क्ष२, य१) या बिंदूत परस्परांना काटकोनात छेदतात. त्यामुळे अकब हा काटकोन त्रिकोण तयार होतो व अब हा त्याचा कर्ण ठरतो. रेख अब एखाद्या अक्षाला समांतर असल्यास त्रिकोण तयार होत नाही. तरीही सूत्र खरे ठरते, कारण एक फरक शून्य असतो.

उदाहरण

(−२, ३) आणि (४, −५) या बिंदूंसाठी क्ष-निर्देशकांतील फरक ४ − (−२) = ६ आणि य-निर्देशकांतील फरक −५ − ३ = −८ आहे. म्हणून अंतर √(३६ + ६४) = १० एकक. ऋण चिन्ह दुर्लक्षून ४ − २ असे लिहिल्यास उत्तर चुकते. बिंदूंचा क्रम उलट केल्यास मात्र उत्तर बदलत नाही, कारण फरकांचा वर्ग होतो.

इतिहास

काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचा हा संबंध बौधायनाच्या शुल्बसूत्रांत आढळतो. भास्कराचार्यांनी 'लीलावती' (इ.स. ११५०) मध्ये भुज व कोटी यांवरून कर्ण काढण्याची रीत दिली आहे. बिंदूंचे स्थान संख्यांनी दर्शवून भूमितीतील प्रश्न बीजगणिताने सोडवण्याची पद्धत सतराव्या शतकात देकार्त आणि फर्मा यांनी रुजवली. देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नकाशावरील उपयोग व मर्यादा

सूत्रासाठी अक्ष परस्परांना लंब, दोन्ही अक्षांवरील एकक समान आणि पृष्ठभाग सपाट असावा लागतो. अक्षांश-रेखांश हे अशा प्रतलाचे निर्देशक नव्हेत. वाशीम जिल्हा उत्तर अक्षांश २०° च्या परिसरात आहे. तेथे अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किमी, तर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.६ किमी भरतो. दोन ठिकाणांत रेखांशाचा ०.३° व अक्षांशाचा ०.४° फरक असल्यास अंशांवरच सूत्र लावून ०.५° म्हणजे सुमारे ५५.४ किमी हे उत्तर येते. आधी अंशांचे किलोमीटर केल्यास (३१.४ व ४४.३) अंतर सुमारे ५४.३ किमी येते. म्हणजे एक किलोमीटरहून अधिक चूक होते. फार मोठ्या अंतरांसाठी पृथ्वीची वक्रता विचारात घेणारी गोलीय सूत्रे वापरावी लागतात.

शिवाय सूत्राने मिळते ते केवळ सरळ रेषेतील अंतर होय. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळका आणि वाशीम या स्थानकांमधील अंतर अशा रीतीने काढल्यास लोहमार्गाची वळणे त्यात धरली जात नाहीत. म्हणून रुळांची लांबी या अंतरापेक्षा कमी कधीच असू शकत नाही. वळणे असतील तितकी ती वाढते.