दोन आण्यांचं घराणं

आमच्या झाडीपट्टीत वंशावळ दोनच वेळा निघायची. सोयरीक जुळवताना आणि वाटणी मागताना. पहिल्या वेळी माणसं पूर्वज वाढवून सांगतात, दुसऱ्या वेळी कमी करून. आता जातपडताळणीमुळे तिसरं निमित्त झालंय. ज्याला पणज्याचं नाव धड सांगता येत नव्हतं तोही रेकॉर्ड रूमबाहेरच्या झाडाखाली प्रतिज्ञापत्रावर घराण्याचा वृक्ष काढताना दिसतो.

माझं निमित्त चौथंच. भाचा अमेरिकेत, आयोवात नोकरीला आहे. तिथं त्याचा घरमालक मक्याची शेती करणारा. त्याच्या बैठकीत घराण्याची छापील वंशावळ चौकटीत टांगलेली, अगदी जहाजातून उतरलेल्या मूळ पुरुषापासून. भाच्यानं तिचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, आपली अशी आहे का?"

आपली म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याकडची, कोहळी जातीची. डोंगरावर महादेव, खाली ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गा, आणि महाशिवरात्रीला दोन्हीकडे नवस फेडणारी तीच ती माणसं. त्या जत्रेत लांबलांबचे सोयरे भेटायचे. महादेवाचे पोहे, म्हणजे यात्रेकरूंचे जथे, गात वर चढत असायचे आणि आमचा आजा मात्र खाली एखाद्या सावलीत कुणाला तरी धरून बसलेला, "तू कोनाचा? तुह्या आज्याचं गाव कोनतं?" करत. देवाचं दर्शन त्याला झालं की नाही याची मला आजही खात्री नाही. पण चुलतचुलत नातं मात्र तो दर वर्षी एक तरी शोधून आणायचा.

आज्याचं मूळ सूत्र एकच होतं. "आपन काशीवाले, पोरा. राजानं आनलं आपल्याले." चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथल्या लोकांचं पाण्याचं काम पाहून खूश झाला, आणि परतताना आमच्या पूर्वजांना सोबत घेऊन आला, असं तो सांगायचा. राजाचं नाव विचारलं की त्याला खोकला यायचा. पुढे कॉलेजात असताना रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा १९१६ सालचा ग्रंथ हाती लागला, तर कोहळ्यांच्या प्रकरणात हीच कथा. मी मोठ्या आनंदानं आज्याला सांगायला गेलो की तुझी गोष्ट इंग्रजांच्या पुस्तकात आहे. तो म्हणाला, "त्याहीनं आपल्यालेच इचारलं असन." खरंच आहे. त्या पुस्तकानंही कुणाच्या तरी आज्यालाच गाठलं असणार.

काशीचं असो वा नसो, तळी बांधायचं कसब मात्र खरं. ते कागदात शोधावं लागत नाही, नवेगावबांधला जाऊन पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, उभं राहिलं की पुरे. डोंगरांच्या वेढ्यातून वाहून जाणारं पाणी, मधली खिंड मातीनं बुजवलेली, आणि आत एवढा जलाशय की जुन्या गॅझेटियरनं त्याचा घेर १७ मैल सांगितलाय. हा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळ्यानं घातला असं मानतात. पुढे त्याचाच देव झाला, कोलासूर. तळ्याकाठच्या एका टेकडीवर त्याचं ठाणं आहे, आणि दुसऱ्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. दिवसा माणसं माती टाकायची आणि रात्री या सातजणी येऊन काम पुढे न्यायच्या, अशी कथा. टेकडीवरचे पांढुरके दगड म्हणजे त्यांच्या टोपल्या. आमची आजी त्यात घरची भर घालायची, "आठवी बहीन होती, ते आपल्या घरी देली." ही आठवी कोणत्याही पुस्तकात नाही. आजी स्वतःबद्दलच बोलत असावी, कारण टोपलं तिच्या डोक्यावरून उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

याच नवेगावच्या पाटील घराण्यातले माधवराव पाटील डोंगरवार. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत तिथं होते, त्यांच्या लिखाणातून माधवराव महाराष्ट्राला माहीत झाले. जंगल, पाखरं, मासे यांचं त्यांचं ज्ञान पाहून बाहेरचे लोक थक्क व्हायचे. आमच्याकडे मात्र म्हणायचे, त्यात काय, तळ्याकाठचा माणूस आहे.

आमचं घर एवढं मोठं नव्हतं. गोंड राजे गेले, नागपूरकर भोसले आले, १८५४ साली इंग्रजांनी तेही राज्य गिळलं. त्यानंतरच्या जमीन बंदोबस्तात जे पाटील सारा वसूल करत होते त्यांनाच गावाची मालकी देऊन मालगुजार केलं. मालगुजारी रुपयात मोजत, आणि भावाभावांत तिचे आणे पडत. आमच्या वाट्याला आले दोन आणे. गावाच्या आठव्या हिश्श्याचे आम्ही धनी! शिवाय गावतलावाचेही तेवढेच. भांडताना आजी आज्याला "दोन आन्याचा मालगुजार" म्हणायची, आणि लग्नकार्यात तोच आजा "आमची मालगुजारी होती" असं म्हणताना आण्यांचा आकडा गिळून टाकायचा.

मग ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. मध्य प्रदेशच्या सरकारनं कायदा केला होता, आपण तेव्हा तिकडेच होतो. तळी सरकारजमा झाली, पुढे बहुतेक जिल्हा परिषदेकडे आली आणि त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव, हे नाव पडलं. त्या दिवशी घरात काय झालं याच्या दोन कथा आहेत. बाबा सांगायचे, आजा जेवला नाही. आजी सांगायची, दोन वेळा जेवला आणि म्हणाला, आता पाळीची काळजी सरकार करेल. आजी शक्यतो खोटं बोलत नसे.

पण काळजी काही सुटली नाही, हे मी पाहिलंय. श्रावणातल्या झडीच्या रात्री तो कंदील घेऊन उठायचा, खांद्यावर घोंगडं, हातात फावडं. मला एकदा सोबत नेलं होतं, किंवा मी हट्टानं गेलो होतो. पाळीच्या उतारावर तो दोन्ही हात टेकून बसला आणि मला म्हणाला, बोलू नको. तो ऐकत होता. पाळीला खेकडे बिळं पाडतात, त्यातून पाणी आत शिरतं आणि माती आतल्या आत भुसभुशीत होते. वरून काही दिसत नाही. एका जागी त्यानं कंदील खाली धरला. गवताच्या मुळाशी बोटभर धार, गढूळ. "निर्मळ अस्ती त भेव नोयतं," म्हणाला. गढूळ म्हणजे पाणी पाळीची माती घेऊन निघालंय. मग त्यानं पळसाच्या पानांचा गोळा आणि चिकणमाती दाबून दाबून भरली, वर पाय देऊन उभा राहिला, आणि बराच वेळ तसाच. तलाव सरकारचा होता. सरकार तेव्हा साकोलीला झोपलेलं असणार.

तुडूम उघडायचा मान मात्र आमच्याकडे उरला नव्हता. तुडूम म्हणजे तळ्यातून पाटात पाणी सोडायची वाट. त्यावर भांडणं व्हायची आणि त्याच पाण्यावर सगळं चालायचं. मृगाच्या पावसावर धानाचे पऱ्हे टाकायचे, रोवणा, म्हणजे लावणी, आटोपला की आभाळानं पाठ फिरवली तरी तळं होतं. चिन्नोर तांदूळ शिजला की तीन घरांपलीकडे कळायचं की पाटलांकडे पाहुणे आलेत. एरवी आमच्या ताटात जाडा भात आणि लाखोळीची डाळ. लाखोळीनं पाय जातात म्हणून पुढे सरकारनं तिच्या विक्रीला बंदी घातली, पण आजी ती रात्रभर भिजवून, पाणी ओतून देऊन शिजवायची आणि नव्वदीपर्यंत पायी जत्रेला गेली. कोहळ्यांची खरी मिरास ऊस. गुऱ्हाळ लागलं की आम्ही पोरं तिथंच राहायला. कढईतली गरम राब आणि तांदळाचे आयते. आयते आजी मातीच्या तव्यावर टाकायची, पहिला नेहमी फसायचा आणि तो माझा असायचा.

विषय वंशावळीचा होता. भाच्याला उत्तर द्यायचं म्हणून मी जुन्या दप्तराच्या मागे लागलो. गोंदिया जिल्हा १९९९ चा, त्याआधी आम्ही भंडाऱ्याचे, साकोली तहसिलीतले. विदर्भात घराण्याचा शोध घेणाऱ्याला कोतवाल पंजीशिवाय गती नाही. गावात जन्म झाला, मरण झालं की कोतवालानं त्या वहीत लिहायचं. मोडकळीला आलेली पानं, कुठे मोडी, कुठे बाळबोध. जन्माच्या रकान्यात बापाचं नाव, जात आणि पुढे एक शब्द. 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारसं व्हायच्या आधीच नोंद, त्यामुळे बाळाला नाव नाहीच. माझ्या पणज्याला मुलगा, मुलगा, मुलगी, मुलगा. यातला आजा कोणता? आणि ती मुलगी कुठे दिली?

१९१८ चं पान उलटताना हात थांबला. मानमोडीची साथ. एरवी महिन्यात दोनचार मृत्यू, आणि तिथं एकाखाली एक, कारण सगळीकडे तेच, ताप. अक्षर मध्येच बदललेलं. लिहिणाराच गेला असेल, किंवा अंथरुणात असेल. त्यात पणज्याच्या नावापुढे 'बायको' अशी एक नोंद आहे. आजा सांगायचा त्याची माय साथीत गेली, तो रांगत होता आणि दुसऱ्या घरच्या दुधावर वाढला. तेवढं जुळलं. तिचं नाव मात्र पंजीत नाही.

ते मला सापडलं धुऱ्यावर. आमच्या धानाच्या एका बांधीला सगळे 'सखूची बांधी' म्हणतात. ही सखू कोण, ते मी कधी विचारलंच नव्हतं, बांध्यांना नावं असायचीच. 'मोहवाली', 'भुताची', 'साळभावाची'. आता गावातल्या एका म्हाताऱ्या काकीला विचारलं तर ती सहज म्हणाली, "तुह्या आज्याची माय ना. तिनं दागिना मोडून घेतली होती." काकी हे कुठून ऐकून होती, तिलाही आठवत नाही. मी वंशवृक्षात लिहून टाकलं, सखू. पुराव्याच्या जागी लिहिलं, गट नंबर.

भाच्याला हे कळवलं तर तो म्हणाला, तिकडेही असंच आहे. त्यांची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८४० च्या मोजणीपर्यंत कागदावर फक्त घरप्रमुखाचं नाव, बाकी बायकापोरं म्हणजे रकान्यातले आकडे. गुलामांना तर त्यानंतरही नाव नव्हतं, मालकाखाली वय आणि लिंग. आणि त्या चौकटीतल्या मूळ पुरुषाला जी जमीन मिळाली ती आधी कुणाची होती, हे त्या वंशावळीत लिहिलेलं नाही.

हे वाचून मला आमची पाळ आठवली. कोलू पाटलाचा देव झाला, पण एवढी माती काही एका पाटलानं उपसली नाही. गोंडांनी उपसली, महारांनी, ढिवरांनी उपसली. ढिवर तर तळ्याचे आमच्याइतकेच जुने, मासे आणि शिंगाडे त्यांचे. रात्री येणाऱ्या सातबहिणी कोण असतील याबद्दल माझा एक तर्क आहे, पण तो देवीच्या भक्तांपुढे बोलायचा नाही. आमच्या वंशावळीत या लोकांचं नाव नाही, त्यांच्या कष्टांवर मात्र आमची गावं उभी आहेत.

बाहेरून येऊन वसलेले आम्ही एकटेच नाही. प्रतापगडाजवळच १९७२ साली तिबेटी लोक आले. नॉर्गेलिंग ही त्यांची वसाहत, आम्ही आपलं तिबेटी कॅम्प म्हणतो. जंगल तोडून जमिनी दिल्या, बर्फातल्या माणसांना भंडाऱ्याच्या उन्हात धानाची शेती शिकायला लावली. थंडीत ते स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७० ला, शेजारी गाढवी नदीवर इटियाडोह धरण झालं होतं, त्यामुळे घर सोडून आलेली आपलीही माणसं परिसरात होतीच. आज्याला कॅम्पातला एक म्हातारा भेटायचा. दोघांची भाषा एक नाही, हिंदी दोघांचीही तोडकी. तरी आजा त्यालाही विचारायचा, "तुमारे आज्जे का गाव कौन सा?" त्यानं काय सांगितलं देव जाणे. पण घरी येऊन आजा म्हणाला, "त्याहीलेबी राजानंच आनलं."

भाच्याला मी अर्धामुर्धा वृक्ष पाठवलाय. पणज्याच्या वरचं सगळं अजून आज्याच्या तोंडी हिशेबावर आहे, आणि जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीत एक 'कृष्णा वल्द' सापडलाय, त्याच्यापुढचं अक्षर वाळवीनं खाल्लंय. तो आपलाच असावा असं मला वाटतं, कारण त्याच्या नावापुढे हिस्सा दोन आणे लिहिलाय. रेकॉर्ड रूममधले बाबू म्हणाले, त्याच्या आधीचा एक बस्ता वर माळ्यावर आहे, पण आत्ता नका येऊ. रोवणा आटोपला की या. त्यांचीही तीन बांध्या शेती आहे, सालेकसाकडे.