सीहोरचा सेनापती डब्लिनमध्ये

भोपाळच्या अशोका गार्डनमधून निघालं की सीहोर चाळीसेक किलोमीटर. आज तिथं जाऊन येणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. १८५७ साली मात्र सीहोरला इंग्रजांची छावणी होती आणि भोपाळ दरबारावर नजर ठेवणारा पोलिटिकल एजंटही तिथंच राहायचा. भोपाळ कंटिन्जंट ही फौज चालायची संस्थानाच्या पैशावर, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. ऑगस्टमध्ये तिच्यातले शिपाई उठले. महावीर कोठ आणि वली शाह यांच्या पुढाकारानं त्यांनी ‘सिपाही बहादुर’ नावाचं स्वतःचं सरकार उभारलं. भोपाळचा कारभार पाहणाऱ्या सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूनं राहिल्या, आणि पुढचे सगळे डाव त्यामुळे बदलले.

जानेवारी १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोज महूहून सीहोरला आला. वय ५६. बैरूतला वकिलात सांभाळलेला, क्रिमियात फ्रेंच सेनापतीच्या तळावर इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला हा माणूस हिंदुस्थानात कधी लढला नव्हता. लष्करातली सुरुवातीची वर्षं त्यानं आयर्लंडमध्ये काढली होती. सीहोरला आल्यावर त्यानं आधी घरातला हिशेब मिटवला. कैदेतल्या शिपायांवर झटपट लष्करी खटला चालवून त्यांना गोळ्या घातल्या. इंग्रजी वृत्तान्तांत हा आकडा १४९ आहे. सीहोरची माणसं ३५६ सांगतात आणि १४ जानेवारीला त्यांची आठवण काढतात.

मग फौज हलली. रोजच्या सेंट्रल इंडिया फील्ड फोर्सचे दोन ब्रिगेड होते. पहिला महूहून चंदेरीच्या वाटेनं निघाला. दुसरा खुद्द रोजबरोबर सीहोरहून, वेढ्याच्या जड तोफा आणि बेगमेची माणसं घेऊन. राहतगड पडलं. भोपाळच्याच राजघराण्यातल्या फाजिल मुहम्मद खानाला तिथल्या किल्ल्याच्या दारावर फाशी दिलं गेलं. ३ फेब्रुवारीला सागरमधल्या इंग्रजांभोवतीचा वेढा उठला. तिथं रोज अडकला तो शत्रूमुळे नव्हे, धान्य आणि बैलगाड्यांमुळे. लढाईच्या पुस्तकांत बैलगाड्यांना फार जागा मिळत नाही, पण त्या जमेपर्यंत तीन आठवडे निघून गेले.

झाशीपुढे २१ मार्चच्या सुमारास तळ पडला तेव्हा रोजकडे शहराला पुरता वेढा घालण्याइतकी माणसं नव्हती. त्यानं सभोवती घोडदळाचे सात फिरते तळ नेमले. कुणी आत येऊ नये, कुणी बाहेर जाऊ नये एवढंच त्यांचं काम. टेकडीवर निशाणांनी खुणा करणारी चौकी बसवली. तात्या टोपे वीसेक हजारांची फौज घेऊन बेतवा ओलांडतोय, ही खबर त्या निशाणांनीच खाली पोचवली. त्या रात्री तात्यानं किल्ल्याला इशारा म्हणून मोठी होळी पेटवली. रोजनं वेढा न उठवता, हाताशी असलेल्या दीडेक हजार माणसांनिशी १ एप्रिलला ही लढाई मारली, आणि ३ तारखेला शहरावर हल्ला केला. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीतच होते. पुढे ‘माझा प्रवास’ या नावानं छापलेल्या त्यांच्या लेखणीतून मराठी वाचकाला तटाच्या आतली बाजू कळते.

तटाला शिड्या लावणाऱ्यांत मुंबई फौजेच्या हिंदी पलटणी होत्या, तशी ८६ वी रॉयल काउंटी डाउन ही आयरिश पलटणही होती. तिच्यातल्या चौघांना झाशीच्या मोहिमेतल्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांतला शिपाई जेम्स बर्न विकलो परगण्याचा. जूनमध्ये ग्वाल्हेरपाशी राणी लक्ष्मीबाई ज्या घोडदळाशी लढताना पडली, त्याचं नाव ८ वे किंग्ज रॉयल आयरिश हुसार्स. इंग्रजी साम्राज्याला आयरिश मनगट हवं होतं आणि ते स्वस्तात मिळत होतं, कारण दुष्काळानं पोळलेल्या मुलखात फौजेची भाकरी हीच खात्रीची.

याच आयरिश शिपायांविषयीची धास्ती १८६५ मध्ये रोजच्या पदरी आली. हिंदुस्थानच्या सरसेनापतिपदावरून उतरून तो आयर्लंडचा सेनापती झाला. पुढच्या वर्षी लॉर्ड स्ट्रॅथनेर्न हा किताबही मिळाला. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी गुप्तपणे झगडणाऱ्या फेनियन क्रांतिकारकांनी थेट पलटणींत शिरकाव केला होता. जॉन डेव्हॉय सैनिकांना शपथा देत होता, १० व्या हुसार्समधला जॉन बॉइल ओरायली साथीदार गोळा करत होता. म्हणजे पेच सीहोरचाच: बंदूक देऊन उभा केलेला माणूस उद्या कुणावर नेम धरेल? रोजनं संशयितांवर लष्करी खटले चालवले.

५ मार्च १८६७ च्या रात्री उठाव झाला खरा, पण खबऱ्या कोरिडननं बेत आधीच फोडला होता. डब्लिनजवळच्या टॅलाटला जमाव पोलिसांच्या गोळीबारापुढे पांगला, आणि त्यानंतर भर बर्फात दक्षिण आयर्लंडमधून फौजेच्या फिरत्या तुकड्या दौडल्या. बंडखोरांनी कुठं तळ ठोकून बसू नये, डोंगरात त्यांचा जम बसू नये, म्हणून. झाशीभोवतीच्या सात तळांची आठवण इथं झाल्याशिवाय राहत नाही.

हात तोच असला तरी त्याचा भार सारखा नव्हता. ओरायलीला मृत्युदंड झाला आणि तो वर्षानुवर्षांच्या सक्तमजुरीवर आला. आयर्लंडमधल्या उठावाबद्दल खुद्द तिथं कुणी फासावर गेलं नाही. डब्लिनला वकील होते, वर्तमानपत्रं होती, लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न विचारणारे होते. सीहोरच्या शिपायांसाठी असं काहीच नव्हतं. इंग्रजांच्या न्यायबुद्धीचं कौतुक करणाऱ्या जुन्या चरित्रांत ही दोन पानं शेजारी शेजारी लावलेली दिसत नाहीत.

बेगमेला निष्ठेच्या मोबदल्यात धारच्या पवारांकडचा बेरासिया परगणा मिळाला. रोज १८७० मध्ये आयर्लंडहून परतला. शिक्षा भोगायला ऑस्ट्रेलियात नेलेला ओरायली १८६९ मध्येच तिथून निसटून अमेरिकेला पोचला होता. १८७६ मध्ये त्यानं आणि डेव्हॉयनं आखलेल्या बेतानुसार ‘कटाल्पा’ हे देवमाशांच्या शिकारीचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला गेलं आणि फ्रीमँटलच्या तुरुंगातल्या सहा फेनियन सैनिक कैद्यांना घेऊन निघालं. त्या सहांत मायकेल हॅरिंग्टन होता. १८५७ च्या धामधुमीत तो हिंदुस्थानात इंग्रजांच्याच बाजूनं लढला होता.