वेढ्यांचे बंगळूर, शहाजीराजांची सभा आणि राजवाडे

बंगळूरच्या चिकपेटेत शहाजीराजांच्या दरबाराची खूण शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. त्यांचा गौरीमहाल याच परिसरात होता, अशी स्थानिक परंपरा आहे. वास्तू मात्र उरलेली नाही. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले हे नगर १६३८ मध्ये रणदुल्लाखान व शहाजीराजे यांनी त्याच्या वंशजाकडून घेतले. १६४८ मध्ये जिंजीच्या छावणीत शहाजीराजे कैद होताच आदिलशाही फौज बंगळूरवर चालून आली आणि थोरले पुत्र संभाजीराजे यांनी ते लढविले. पुढे १६८७ मध्ये मोगल आले, पाठोपाठ म्हैसूरकर. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने पेठ हल्ला करून घेतली. एवढ्या उलथापालथीत दगडविटांची साक्ष नाहीशी झाली, यात नवल नाही.

साक्ष टिकली ती ग्रंथात. नाशिक प्रांतातील मार्कंड्या किल्ल्याशी घराण्याचा संबंध असलेला जयराम पिंड्ये हा कवी शहाजीराजांच्या भेटीस आला, तेव्हा त्याने बारा नारळ पुढे ठेवले. बाराच का, या प्रश्नावर आपण बारा भाषांत कविता करतो, असे त्याने सांगितले. मग सभेत समस्यापूर्ती सुरू झाली. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृत व प्राकृत यांबरोबर गुजरी, पंजाबी, यावनी, कर्नाटकी अशा भाषांचीही नावे येतात. शहाजीराजांची सुटका मे १६४९ मधील. त्या सुटकेच्या अटींत कोंढाण्याबरोबर बंगळूरही सोडून देण्याची अट होती. ज्या सभेचा धनी नुकताच दहा महिने कैद भोगून आला होता, त्याच सभेत काही वर्षांच्या आत हा भाषाविलास चालावा, ही गोष्ट एखाद्या विजयापेक्षा कमी मोलाची मानता येत नाही.

हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. राजवाडे हे कलेतिहासकार नव्हेत. दप्तरे हुडकीत गावोगाव हिंडलेले संशोधक ते. तरी या प्रस्तावनेत त्यांनी एका नष्ट नगरसभेचे सांस्कृतिक चित्र उभे केले. अर्थात आश्रित कवीच्या स्तुतीला राजवाड्यांनी काही ठिकाणी इतिहासाचे वजन दिले आहे, आणि शहाजीराजांविषयीचा त्यांचा अभिमान पुराव्याच्या पुढे धावतो. पराक्रमवर्णनाबाबत ही शंका रास्तच होय. भाषांची गोष्ट निराळी. तेथे कवीच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही, कारण निरनिराळ्या भाषांतील रचनाच ग्रंथात समोर आहेत. त्या बऱ्या की वाईट, शुद्ध की मोडक्या, हे तपासता येते. त्यांतील कर्नाटकी रचनेचा निवाडा मात्र मराठीच्या अभ्यासकाला एकट्याने करता येणार नाही. तेथे जुनी कन्नड जाणणाऱ्याची सोबत हवी.