हिटलरच्या मर्जीतला राजपुत्र: फिलिप फॉन हेसन

#थ्रेड

१/ १९१८ साली जर्मनीत राजेशाही संपली. कैसर दुसरा विल्हेल्म पदच्युत झाला, संस्थानिकांच्या गाद्या गेल्या. दरबारी वृत्ती मात्र संपली नाही. पंधरा वर्षांनी हिटलरभोवती नवा दरबार भरला आणि जुन्या घराण्यांचे काही वारस त्यात हजर झाले. त्यांतील एकाची ही हकीकत.

२/ फिलिप फॉन हेसनचा जन्म १८९६ चा. व्हिक्टोरिया राणीचा हा पणतू, कैसर विल्हेल्मचा सख्खा भाचा. त्याचे दोन थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात मारले गेले. १९२५ मध्ये त्याचा विवाह इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याची कन्या माफाल्डा हिच्याशी झाला. या सोयरिकीवरच त्याचे पुढचे सारे आयुष्य तोलले गेले.

३/ १९३० मध्ये तो नाझी पक्षात दाखल झाला. १९३३ मध्ये त्याला हेसन-नासाऊ प्रांताचे प्रमुखपद मिळाले. पक्षाला खानदानी प्रतिष्ठा हवी होती, राजपुत्राला गमावलेले स्थान. सौदा दोघांच्याही सोयीचा होता.

४/ रोमचा जावई म्हणून तो हिटलर आणि मुसोलिनी यांच्यातील विश्वासू वकील ठरला. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत करताना हिटलरचा खलिता त्यानेच मुसोलिनीकडे नेला आणि मुसोलिनीची हरकत नसल्याचे रोमहून दूरध्वनीवर कळवले. हिटलरच्या नियोजित संग्रहालयासाठी इटलीतून कलाकृती मिळवण्याचे कामही त्याच्याकडेच होते.

५/ आता या चरित्रातले सर्वांत काळे पान. त्याच्या प्रांतात हाडामार येथे मनोरुग्णालय होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हवाली करणाऱ्या करारावर प्रांतप्रमुख म्हणून फिलिपने सही केली. त्या वर्षीच्या जानेवारी ते ऑगस्ट या काळात तिथे १०,००० हून अधिक रुग्णांना विषारी वायूने ठार मारण्यात आले.

६/ मग वारे फिरले. मे १९४३ मध्ये परदेशी घराण्यांशी संबंध असणाऱ्यांना पदांवरून दूर करण्याचा हुकूम हिटलरने काढला. जुलैत फिलिपच्या सासऱ्याने मुसोलिनीला बडतर्फ केले. ८ सप्टेंबरला इटलीची शरणागती जाहीर झाली, आणि हिटलरच्याच मुख्यालयात असलेल्या फिलिपला अटक झाली. ज्या सोयरिकीने मर्जी मिळवून दिली, तिनेच इतराजी ओढवली. त्याची रवानगी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत झाली.

७/ त्याच महिन्यात माफाल्डाला पतीचा दूरध्वनी येणार असल्याचे सांगून रोममधील जर्मन वकिलातीत बोलावले गेले आणि ताब्यात घेतले गेले. बुखेनवाल्ड छावणीत तिला खोट्या नावाने ठेवले. २४ ऑगस्ट १९४४ रोजी छावणीलगतच्या शस्त्रकारखान्यावर अमेरिकी बॉम्ब पडले. ती गंभीर जखमी झाली, तिचा हात कापावा लागला आणि काही दिवसांतच तिचा अंत झाला.

८/ फ्लोसेनबुर्गहून फिलिपला पुढे डाखाऊला हलवले गेले. १९४५ मध्ये दक्षिण टिरोलमध्ये त्याची सुटका झाली, पण लगेच अमेरिकनांनी त्याला नाझी पदाधिकारी म्हणून स्थानबद्ध केले. १९४७ पर्यंत तो कैदेत होता. १९८० मध्ये रोम येथे त्याचे निधन झाले.

९/ मग फिलिपला गुन्हेगार म्हणावे की बळी? कालक्रम पाहिला तर उत्तर कठीण नाही. हाडामारची सही त्याच्या अटकेच्या अडीच वर्षे आधीची आहे. ती करताना तो कैदी नव्हता, सत्ताधारी होता. त्याचे आणि माफाल्डाचे हाल खरे आहेत. त्यांविषयी करुणा वाटावी. परंतु त्या यातनांनी ती सही पुसली जात नाही. छावणीतला कैदी आणि प्रांतप्रमुख हा एकच माणूस होता, आणि त्याचे चरित्र वाचताना दोन्ही पाने उघडी ठेवावी लागतात.

(समाप्त)